कच्चा सांधा

मला खरी गाडी चालवता येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सोसायटीच्या गेटलाही. पन्नाशीच्या जरा अलीकडे मी हौसेने क्लास लावला, लायसन्स मिळवलं आणि पहिल्याच आठवड्यात गेटच्या खांबाला गाडी अशी घासली, की नवऱ्याने किल्ली कपाटात ठेवून दिली. कपाटाला कुलूप लावलं नाही, हा त्याचा मोठेपणा. मीही मग हट्टाला पेटले आणि रिमोटवर चालणारी गाडी घेतली. खेळण्यातली नव्हे हं. हातभर लांबीची, मातीच्या ढिगाऱ्यावरून उड्या मारणारी, जिचा प्रत्येक अवयव सुटा करता येतो आणि दर आठवड्याला करावाच लागतो, अशी.

पनवेलजवळ सुकापूरच्या पुढे एका बिल्डरने प्लॉट सपाट करून ठेवला होता आणि पुढचं बहुधा तो विसरून गेला होता. तिथे रविवारी सकाळी आम्ही सातआठ जण जमायचो. एक दातांचे डॉक्टर, एक गॅरेजवाले, एक कॉलेजात फिजिक्स शिकवणारे, असे सगळे पिकल्या केसांचे पुरुष आणि मी. उरणच्या बंदरात येणाऱ्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या ऑफिसात मी काम करते, त्यामुळे हे प्रमाण मला नवीन नव्हतं. माझी गाडी पळायची छान. फक्त एखादी उडी मारून खाली आली, की रुसलेल्या जावयासारखी जागच्या जागी बसायची. उघडून पाहिलं की कळायचं, आत कुठलीतरी वायर सुटली आहे. वायर सुटली की ती पुन्हा सोल्डर करायची, आणि हे काम ज्याचं त्याने करायचं असा तिथला नियम होता.

शिवणटिपण करणाऱ्या बाईला हे काय अवघड, असं मला वाटलं होतं. मला शिवणटिपणही येत नाही, हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

सांगायला काम सोपं आहे. आयर्न म्हणजे विजेवर तापणारी एक कांडी, ती वायरला टेकवायची, वरून कथलाची बारीक तार लावायची, ती वितळते आणि वायर खालच्या पट्टीशी एकजीव होते. माझ्या हातून साबुदाण्याएवढा गोळा तयार व्हायचा, वरून गुबगुबीत आणि आतून सुटा. नखाने टोकरला की वायरसकट बाहेर. दुसऱ्या वेळी कथील जास्त झालं, की शेजारचा सांधाही त्यात ओढला जायचा आणि दोघांचं मेतकूट जमायचं, जे जमता कामा नये. एकदा मी लाल आणि काळी वायर उलटी जोडली. मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी जी छोटी डबी असते, तिच्यातून धुराची एक रेघ निघाली आणि असा वास सुटला, की शेजारीण विचारायला आली, काय करपलं म्हणून. मी भाजी म्हणून सांगितलं. तिचा लगेच विश्वास बसला, हे मला जास्त लागलं.

पण सगळ्यात जास्त छळलं ते नळीने. सांधा उघडा राहू नये म्हणून त्याच्यावर एक रबरी नळी चढवतात, आणि ती वायर जोडण्याआधी ओवून ठेवावी लागते. मी सांधा करायचे, मनाजोगता जमायचा, मान वर करायचे, आणि नळी टेबलावर माझ्याकडे बघत पडलेली. मग पुन्हा सगळं सोडवा. नवऱ्याला हे इतकं आवडलं, की मी घरात कुठल्याही कामाला लागले की तो पेपरातून डोकं न काढता विचारायचा, "नळी घातलीस?" मी फोडणी करत असले तरी तेच, दाराला कुलूप लावत असले तरी तेच. बँकेच्या रांगेतसुद्धा त्याने मला हे विचारलेलं आहे.

हे सगळं डायनिंग टेबलावर चालायचं आणि त्याच वेळी गॅलरीत खुर्चीवर माझे सासरे बसलेले असायचे. बाबा सोनार. जुन्या पनवेलात, बाजारातल्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शेगडी, एक ऐरण, एक लाकडी पेटी आणि ते स्वतः. मोतीबिंदूने दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी ते बंद केलं. पुढे ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा ओवा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. पण तोवर गिऱ्हाइकं मोठ्या शोरूमच्या गारव्यात जाऊन बसली होती आणि बाबा गॅलरीत. बसले ते दोन वर्षं बसूनच राहिले. जेवायला वाढू? हं. टीव्ही लावू? हं. आधी त्यांच्या बोलण्यात वाक्यं होती, मग शब्द उरले, मग नुसता हुंकार. मला त्या हुंकाराची भीती वाटायची. माझे स्वतःचे वडील असेच बोलणं आवरत आवरत गेले होते आणि आम्ही भावंडं त्याला शांत स्वभाव म्हणत राहिलो. ते पुन्हा या घरात व्हायला नको होतं, आणि काय करायचं हे मला कळत नव्हतं.

एका सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी टेबलाशी बसून बॅटरीची जाड वायर जोडायची खटपट करत होते. कथलाच्या तारेच्या पोटात राळ असते, ती तापली की धूर येतो. गॅलरीतून आवाज आला, "राळ कोण जाळतंय?"

कित्येक महिन्यांत मी ऐकलेलं ते त्यांचं पहिलं अख्खं वाक्य. मागोमाग ते स्वतःच आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघू लागले.

"काय करतेस हे?"

"सोल्डरिंग, बाबा. वायर जोडतेय."

"म्हणजे झाळतेस." दोन तुकडे जोडायला मध्ये जे वितळवतात त्याला सोनार झाळ म्हणतात. "पण हे झाळणं नाही, सूनबाई. हे शिंतोडे उडवणं झालं."

मला राग आला. दिवसभर ऑफिसात ऐकून घ्यायचं आणि घरी येऊनही ऐकूनच घ्यायचं. मी आयर्न त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, "मग तुम्हीच दाखवा." ते खरंच खुर्ची ओढून बसले.

"तू झाळ तापवतेस. झाळ नाही तापवायची, काम तापवायचं. काम तापलं की झाळ आपल्या पायांनी येते." त्यांनी आयर्न वायरखाली धरलं आणि थांबले. बराच वेळ थांबले. मग तार टेकवली आणि कथील सरसर आत शिरलं, वायरच्या प्रत्येक केसात. मी बघतच राहिले. आणि तेवढ्यात बाबांनी ओठांचा चंबू केला आणि त्यावर हलकेच फुंकर घातली. साठ वर्षं फुंकणीने जाळ फुंकलेला माणूस. सोन्याच्या कामात फुंकर म्हणजे जाळ वाढवणं, इथे फुंकर म्हणजे गार करणं. चकचकणारा सांधा आमच्या डोळ्यांदेखत राखाडी, खडबडीत होऊन बसला. मी वायर ओढली आणि ती अलगद माझ्या हातात आली.

मी मोठ्याने हसले. हसायला नको होतं, पण हसले.

"हसतेस काय?" बाबा म्हणाले. "तुझ्या कांडीत जाळच नाही." पण पुढचा सांधा करताना त्यांनी ओठ असे घट्ट मिटून घेतले होते, की मला पुन्हा हसू आलं. तो सांधा आजही त्या गाडीत आहे.

त्यानंतर सोमवार ठरला. रविवारी गाडी मार खाऊन यायची, सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं टेबलाशी. बाबांनी पेटीतलं डोळ्याला लावायचं भिंग काढलं. मी सांधे करायचे आणि ते भिंगातून बघून नावं ठेवायचे. "हा उपाशी आहे." "हा जास्त जेवलाय." "हे काय, नवरा-बायकोला एकाच चादरीत गुंडाळलंस?" म्हणजे दोन सांधे एकमेकांना चिकटले. टेबलावर सांडलेले कथलाचे कण ते बोटाने टिपून एका डबीत ठेवायचे. मी म्हटलं, बाबा, हे सोनं नाहीये. ते म्हणाले, माझ्या बोटाला काय माहीत.

एकदा मात्र त्यांनी माझ्या तोंडचं पाणी पळवलं. मी ऑफिसातून आले तर गॅलरीत उन्हाला एका ताटलीत माझ्या गाडीचा रिसीव्हर, रिमोटचा संदेश पकडणारा तो नाजूक बोर्ड, ओला होऊन पडला होता. शेजारी दात घासायचा मऊ ब्रश आणि वाटीत तपकिरी फेस.

"काळा पडला होता," बाबा म्हणाले. "रिठ्याच्या पाण्याने धुतला."

रिठ्याने दागिने उजळतात. माझ्या आईच्या पाटल्यासुद्धा अशाच उजळायच्या. पण इलेक्ट्रॉनिक्स? मी इतकी बोलले, की बोलून झाल्यावर मलाच दम लागला. बाबा ऐकून घेत होते आणि ताटली उन्हाप्रमाणे सरकवत होते. दुसऱ्या दिवशी बोर्ड खडखडीत वाळला, मी देवाचं नाव घेऊन जोडला, आणि गाडी निघाली. रविवारी दातांच्या डॉक्टरांनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, इतकं क्लीन वर्क? कोणाकडून करून घेतलंत?" मी म्हटलं, सासऱ्यांकडून. रिठ्याचं मी बोलले नाही. ते दातांचे डॉक्टर आहेत, उगीच डोक्यात काही घेतील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाबा बोलू लागले होते. हात चालू असला की त्यांचं तोंड चालू व्हायचं. उरणजवळच्या मोऱ्याहून एक कोळीण यायची, अंगठ्याएवढ्या जाड बांगड्या घेऊन, आणि जोडकाम चाललेलं असताना शेगडीच्या इतकी जवळ येऊन बसायची, की बाबांना हात हलवता येत नसे. "सोनारदादा, झाल कमी टाक हां. माजा सोना हाय त्यो, तुजा पितल नाय." बाबा तिची नक्कल करायचे आणि म्हणायचे, तिच्यासारखी पारखी बाई पुन्हा भेटली नाही. भिंग तिच्या डोळ्यांतच होतं. अशा गोष्टी नवऱ्यानेसुद्धा कधी ऐकल्या नव्हत्या. तो दारात उभा राहून ऐकायचा आणि चहा थंड करायचा.

आणि मग एका सोमवारी अडचण झाली. माझे सगळे सांधे चांगले आले. मी जास्त ताकदीचं नवं आयर्न आणलं होतं, काम तापवायला शिकले होते, नळीसुद्धा आधी ओवली होती. बाबांनी एकेक सांधा भिंगाखाली धरला, उलटा केला, पुन्हा धरला. "बरे आहेत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे ऐकून मला आभाळ ठेंगणं झालं. मी उत्साहात टेबल पुसलं, आयर्नची वायर गुंडाळली, गाडी कपाटात ठेवली आणि भात लावायला गेले. कुकर लावून बाहेर येते तर बाबा गॅलरीत खुर्चीवर. जेवायला वाढू? हं.

पुढच्या सोमवारीही तेच. सांधे चांगले, बरे आहेत, आणि गॅलरी. मी शिकले आणि त्यांचं काम गेलं, असा सरळ हिशोब मी मांडला.

मग मी मुद्दाम बिघडवायला लागले. वाटतं तितकं हे सोपं नाही. एकदा हाताला वळण लागलं की वाईट सांधा करणं मनावर घ्यावं लागतं. मी घाई करून पाहिली, पण सांधा चांगलाच यायचा. शेवटी मला आठवली ती फुंकर. कथील वितळून बसतंय न बसतंय तोच त्यावर हळूच फुंकर घालायची, की सांधा मस्त राखाडी आणि कच्चा. प्रत्येक सोमवारी बाबा यायच्या आधी मी दोनतीन सांधे असे फुंकून ठेवायचे. बाबा भिंग लावायचे, "पुन्हा घसरलीस सूनबाई," म्हणायचे, नीट करायचे, आणि कोळीण, पाटल्या, बाजार सगळं पुन्हा सुरू व्हायचं. मी खुशीत. सासऱ्याला बनवणं फार छान जमतंय, अशी माझी समजूत होती. हे सहा आठवडे चाललं.

मग आला शर्यतीचा रविवार. आमच्यातल्या आमच्यातच, पण इरेला पेटून. दुसऱ्या फेरीत मी दोन नंबरला होते. फिजिक्सवाले माझ्या मागे होते, यापेक्षा जास्त सुख मला नको होतं. मोठ्या ढिगाऱ्यावरून गाडी उडाली, खाली आली आणि थांबली. मी रिमोट दाबतेय, ती ढिम्म. बाकीच्या गाड्या तिला वळसा घालून गेल्या आणि गॅरेजवाले ओरडले, "मॅडम, टोइंग मागवू का?"

मी झाकण उघडलं. मोटरची लाल वायर सुटली होती. सांधा राखाडी, खडबडीत. माझाच, सोमवारी फुंकून ठेवलेला. बाबांनी नीट केलाच नव्हता.

हरल्याचं मला काहीच वाटलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की बाबांना तो सांधा दिसला नाही. भिंग लावून, सगळ्यात मोठा, सगळ्यात पुढचा सांधा दिसला नाही. डोळे पुन्हा गेले. आता हे सांगायचं कसं, डॉक्टरकडे न्यायचं कसं, आणि हेही काम गेल्यावर त्या खुर्चीतून त्यांना उठवायचं कसं? सुकापूरहून घरापर्यंत मी रिक्षात गाडी मांडीवर घेऊन हेच घोकत होते.

घरी आले तर बाबा टेबलाशीच बसलेले. मी गाडी त्यांच्यापुढे ठेवली, झाकण काढलं आणि आजाऱ्याशी बोलतात तशा मऊ आवाजात विचारलं, "बाबा, हा एक सांधा सोमवारी तुमच्या नजरेतून सुटला का हो?"

"आवाज का असा काढतेस? मला काय झालंय?"

"नाही, मी आपलं विचारलं."

"सुटला नाही. बघितला आणि ठेवला. तू बिघडवलास, तू नीट कर."

मी झाकण हातात फिरवत राहिले. माझे कान तापले होते.

"फुंकर मारलेला सांधा मी ओळखणार नाही?" बाबा म्हणाले. "या टेबलावर पहिला मीच मारला, आणि तू फिदीफिदी हसलीस. शिवाय चुकणारं माणूस चुकीकडे बघत नसतं, तू मी भिंग लावायच्या आधीच तिकडे बघायचीस. तुझे खरे वाईट सांधे कसे, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. हे सगळे एकसारखे, मापात. एवढं नेटकं बिघडवायला हात चांगला लागतो."

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या सोमवारपासून."

"मग सहा आठवडे नीट कशाला करत बसलात? आणि आज सगळ्यांसमोर माझी गाडी बंद पाडलीत!"

"घरात बंद पडली असती तर तू कबूल केलं असतंस?" ते हसले. मग भिंग पुसत म्हणाले, "तुला वाटलं मला काम पाहिजे. कामं काय, साठ वर्षं केली. त्या दिवशी तुझे सगळे सांधे चांगले आले ना, मला इतकं बरं वाटलं होतं. तुला सांगणार होतो, माझ्या हातून पहिलं चांगलं काम झालं ती एक नथ होती, ते कसं झालं ते. वळून बघतो तर तू टेबल पुसून, सगळं गुंडाळून उठलेली. एकटा बसून कोणाला सांगू? मग गेलो गॅलरीत. बिघडवायला लागलीस तेव्हा निदान बसत तरी होतीस, म्हणून मीही नीट करत बसलो."

मी इतके दिवस म्हणत होते, बाबा उठून गेले. आधी मी उठले होते. आठवून पाहिलं तर तसंच होतं. दोन्ही सोमवारी तसंच. बिघडलं नाही तर बसायचं कशाला, हा माझा नियम होता, त्यांचा नव्हता. मला रडू येत होतं आणि त्यांनी मला सहा आठवडे बनवलं याचा रागही येत होता, आणि दोन्हीतलं आधी काय करावं ते कळेना. म्हणून मी आयर्न तापत ठेवलं.

लाल वायर घेतली. काम तापवलं. कथील आत शिरलं आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले. बाबांनी भिंग लावलं, सांधा बघितला आणि काहीच नावं ठेवली नाहीत. मी आयर्न बाजूला ठेवलं, पण वायर गुंडाळली नाही.

"सांगा," मी म्हटलं. "त्या नथीचं."

बाबांनी खुर्ची पुढे घेतली आणि सुरुवात केली ती थेट त्यांच्या वडिलांपासून. दुपार झाली. आतून नवऱ्याने विचारलं, भात लावलेला दिसत नाही?

"तू लाव," बाबा म्हणाले. "आम्ही बसलोय."